शेजारीण, भिशी आणि प्रार्थनापत्र

वाचकाचा प्रश्न

केनियाहून एका भगिनींचे बरेच मोठे पत्र आले आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून त्याचा सारांश देत आहे. त्या मूळच्या नागपूरच्या, मराठी ख्रिस्ती कुटुंबातल्या, वय अडतीस. चार वर्षांपूर्वी पती आणि दोन मुलांसह त्या पश्चिम केनियातल्या एका लहान शहरी मिशनरी म्हणून गेल्या. पती पाळकांच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंच्या, प्रशिक्षणवर्गात शिकवतात, त्या स्वतः स्त्रियांसाठी शिवणवर्ग चालवतात. भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या एका शेजारणीशी त्यांचे चांगले जमले. संध्याकाळचा चहा, बाजारहाट, मुलांची ये-जा सगळे सुरू झाले. मात्र या शेजारणीने वर्षभरात तीनदा पैसे मागितले: जानेवारीत मुलाच्या वसतिगृहाच्या फीसाठी, नंतर सासऱ्यांच्या दफनविधीच्या वर्गणीसाठी आणि शेवटी घरावरच्या पत्र्यांसाठी. दोनदा त्यांनी दिले, तिसऱ्यांदा नाही म्हटले. शेजारीण जराही रागावली नाही आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी चहाला आली. त्यामुळे या भगिनी जास्तच दुखावल्या, कारण ‘मागून पाहायचे, मिळाले तर मिळाले’ एवढाच हा प्रकार होता असे त्यांना वाटले. सोबतचे कोरियन आणि युरोपीय सहकारी दर दोन वर्षांनी बदलतात. नागपूरची कॉलेजातली जिवलग मैत्रीण आता स्वतःचे काही सांगत नाही. ‘तू देवाचे काम करतेस, तुला माझ्या घरच्या कटकटी काय सांगू’ म्हणते. नागपूरच्या मंडळीला, म्हणजे पाठिंबा देणाऱ्या चर्चच्या लोकांना, दर तीन महिन्यांनी प्रार्थनापत्र (कामाची खबर आणि प्रार्थनेची विनंती) जाते, पण त्यात एकटेपणाबद्दल लिहिता येत नाही. पती म्हणतात, प्रभूची मैत्री पुरेशी आहे. भगिनी विचारतात: मिशनरीने मैत्रीची अपेक्षाच सोडून द्यावी का, की सरळ परत यावे? ताजा कलमात एक जोडप्रश्नही आहे: शेजारच्या बायकांनी आपल्या ‘चामा’चे, म्हणजे भिशीचे, खजिनदारपद त्यांना देऊ केले आहे, ते घ्यावे का?

उत्तर

प्रिय ताई,

तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे ‘नाही’ अशी आहेत, पण एवढ्याने तुमचे समाधान होणार नाही हे मला ठाऊक आहे. आधी एक सांगते. मी ख्रिस्ती नाही आणि केनियात कधी गेलेले नाही. मिशनच्या शाळेत शिकले आणि मिशनच्या दवाखान्यामागच्या गल्लीत वाढले, एवढाच माझा या विषयाशी संबंध आहे. त्यामुळे तुमच्या सेवेबद्दल बोलण्याचा मला अधिकार नाही. शेजाराबद्दल मात्र थोडा आहे.

पैशांपासून सुरुवात करू, कारण तुमची जखम तिथे आहे. ज्या तीन मागण्यांची तुम्ही बेरीज केली, त्या एकेक करून पाहिल्या तर वेगळ्या दिसतात. केनियात शाळेचे वर्ष जानेवारीत सुरू होते आणि माध्यमिक शाळेत वसतिगृहात राहणाऱ्या मुलाची फी सत्राच्या तोंडावर भरावी लागते. आपल्याकडे जूनमध्ये आईबापांची जी ओढाताण होते तीच तिथे जानेवारीत होते. पश्चिम केनियात माणूस कुठेही वारला तरी त्याला मूळ गावच्या जमिनीत पुरण्याची रीत आहे, आणि शव गावी नेणे, आलेल्यांना जेवू घालणे हा खर्च एकट्या घराला पेलण्यासारखा नसल्यामुळे तो वर्गणीतूनच उभा राहतो. या एकत्र येऊन भार उचलण्याला तिथे ‘हरांबे’ म्हणतात. १९६३ साली देश स्वतंत्र झाला तेव्हा तिथले नेते जोमो केन्याटा यांनी या शब्दाला राष्ट्रीय घोषणेचे स्थान दिले आणि आज तो देशाच्या राजमुद्रेवर आहे. आता फोनवरून पैसे पाठवण्याची सोय २००७ पासून घरोघरी पोहोचल्यामुळे मागणेही फोनवर येते आणि देणेही दोन मिनिटांत होते. आपल्याला ते उद्धट वाटते, तिथे ते रोजचे आहे. तुमची शेजारीण तुमच्याकडे आली तशी ती आणखी दहा जणींकडे गेली असणार, आणि त्या दहा जणी तिच्याकडेही येत असणार. तुम्ही त्या यादीत आहात याचा एक अर्थ ‘ही परदेशी बाई, हिच्याकडे पैसा आहे’ असा होतो हे खरे. दुसरा अर्थ ‘ही आपल्यातली, हिला वगळले तर हिला वाईट वाटेल’ असाही होतो. तेरवीला ज्या घरी आपल्याला सांगावा आला नाही, त्या घराबद्दल विदर्भात काय बोलले जाते ते तुम्ही विसरला नसाल.

तुम्ही नाही म्हटल्यावर ती रागावली नाही, याचा अर्थ तुम्ही लावलात तो मला पटत नाही. जिला केवळ पैसा हवा होता, तिला नकारानंतर तुमच्या ओट्यावर बसून चहा पिण्याचे कारण उरत नाही. तिच्या लेखी विचारणे हा तिचा हक्क आणि नाही म्हणणे हा तुमचा. दोन्ही पार पडले, चहा तसाच राहिला. नकार हा संबंध तोडण्याचा क्षण आहे असे तुम्हाला वाटत होते, म्हणून तुम्ही रात्रभर जागलात आणि ती निवांत झोपली.

नुसते मागत राहणारी माणसेही जगात असतात, याकडे डोळेझाक करा असे मी म्हणत नाही. ती ओळखायची कशी? मी तुमचे पत्र दुसऱ्यांदा वाचले तेव्हा तिसऱ्या पानावर, कंसात, एक ओळ सापडली. धाकट्याला मलेरिया झाला होता आणि पती दौऱ्यावर होते, तेव्हा ही शेजारीण दोन रात्री तुमच्या घरी येऊन बसली. पैशांच्या तीन प्रसंगांना तुम्ही दीड पान दिलेत, या दोन रात्रींना एक कंस. आणि त्या कंसातच पुढे लिहिले आहे: ‘मी लगेच तिच्या मुलीला दोन फ्रॉक शिवून दिले.’

ताई, हा ‘लगेच’ मला खटकला. कुणाचे घेतलेले अंगावर राहू द्यायचे नाही, लगेच फेडून मोकळे व्हायचे, ही सवय चांगल्या घरातून येते हे मला माहीत आहे. माझीही तीच आहे. पण जिथे एकमेकींचे थोडे थोडे देणे सतत शिल्लक असते तिथेच शेजार टिकतो. साखरेची वाटी परत करताना ती रिकामी देऊ नये, त्यात काही तरी घालून द्यावी, ही आपल्या आज्यांची रीत होती आणि तिचा परिणाम असा की हिशेब कधीच बंद होत नसे. तुम्ही मात्र शिवणवर्ग देता, औषधे देता, वर्गणी देता, फ्रॉक देता. घेत काही नाही. चार वर्षे जी बाई फक्त देतच आली, तिच्याकडे लोकांनी मागायला येऊ नये तर कशाला यावे? दुसरे काही करण्याची जागा तुम्ही त्यांना ठेवलेली नाही.

आता जरा अवघड बोलते, रागावू नका. तुम्ही लिहिता की दोन प्रार्थनापत्रांत तुम्ही या शेजारणीबद्दल लिहिले, एकदा तिचा फोटोही छापला. नागपुरात ते पत्र किती घरी जाते? दीडशे, दोनशे? त्या सगळ्यांना तिच्या घराच्या गळक्या छपराबद्दल, तिच्या नवऱ्याच्या पिण्याबद्दल ठाऊक आहे. तिला हे ठाऊक आहे का? तिने तुमच्या मैत्रीतून फी आणि पत्रे मागितले. तुम्हीही त्या मैत्रीतून काही घेतले आहे: एक गोष्ट, जिच्यामुळे पाठिंबा देणाऱ्यांना तुमचे काम डोळ्यांपुढे दिसते. त्यामागे प्रेमच होते, याबद्दल मला शंका नाही. पण ‘ती माझा उपयोग करून घेते’ हे वाक्य लिहिताना वजनाचे दुसरे पारडे रिकामे नव्हते, एवढे मान्य करा. पुढच्या पत्राआधी तिला विचारा. तिने नको म्हटले तर तिचे नाव आणि फोटो काढून टाका. हो म्हटले तर तिला वाचून दाखवा. ती तुमच्या दोन चुका नक्की काढेल.

आमच्या गल्लीतली एक गोष्ट सांगते. मी आठ-नऊ वर्षांची असताना मिशनच्या दवाखान्यात एक स्कॉटिश नर्सबाई होत्या. उंच, पांढऱ्या कपड्यांतल्या, मराठी अगदी पुस्तकी. सगळ्या बायका त्यांना मान देत आणि त्या आल्या की बोलणे थांबवत. नाताळात त्या घरोघरी केक पाठवत. घरोघरीचे लोक संत्री पाठवून मोकळे होत. अशी तीन-चार वर्षे गेली. मग मुलांच्या वॉर्डातून त्यांच्या डोक्यात उवा शिरल्या. एका दुपारी त्या आमच्या ओसरीवर आल्या, लाल झाल्या होत्या, आणि आईला म्हणाल्या, “मला स्वतःला मागचे दिसत नाही.” आईने पाट मांडला, त्यांना समोर बसवले, खोबरेल चोपडले आणि फणीने त्यांचे ते सोनेरी केस विंचरत बसली. प्रत्येक ऊ नखावर मारताना होणारा आवाज आणि त्यासरशी बाईंचे दचकणे मला आजही आठवते. ते काम पुढे दर गुरुवारी, महिनाभर चालले. त्यानंतर आई त्यांना नावाने हाक मारू लागली. आजीने टोकले तेव्हा म्हणाली, “जिच्या डोक्यातल्या उवा काढल्या, तिले आता मॅडम कसं म्हनू?” बाईंशी आईचे भांडणही झाले, लोणच्यात मीठ किती यावरून. आधीच्या तीन-चार वर्षांत ते शक्य नव्हते.

म्हणून माझी पहिली सूचना अशी आहे की या महिन्यात शेजारणीकडे काही तरी मागा, आणि ज्याची तुम्हाला खरोखर गरज आहे असेच मागा. तुमचे स्वाहिली तोडकेमोडके आहे असे तुम्हीच लिहिले आहे. तिला सांगा, रोज चहाच्या वेळी अर्धा तास माझ्या चुका सुधार. मोठ्याला एखाद्या दुपारी तिच्याकडे ठेवा. तिने काही केले तर आठ दिवस परतफेड करू नका. अवघड जाईल.

पैशांचे मात्र धोरण हवे, दर वेळी मनाला विचारत बसू नये. ही सूचना तुमच्यासारख्या परदेशी राहणाऱ्या सगळ्यांनाच लागू पडावी. पती-पत्नींनी मिळून महिन्याला एक रक्कम ओळखीतल्या वर्गण्यांसाठी बाजूला काढावी आणि ती संपली की ‘या महिन्यात माझे संपले’ असे निःसंकोच सांगावे. मृत्यू आणि आजार यांना थोडे तरी द्यावेच, आणि किती द्यायचे हे तिथल्याच एखाद्या जाणत्या बाईला विचारावे, म्हणजे तुमची रक्कम बाकीच्यांच्या रकमेत शोभेल. तुम्ही सगळ्यांपेक्षा पाचपट दिलेत तर तुम्ही वर्गणीदार राहत नाही, यजमान होता. उसने आणि वर्गणी यांत गल्लत होऊ देऊ नये. देतानाच विचारून घ्यावे. मोठ्या रकमेची मागणी आली तर उत्तर दुसऱ्या दिवशी द्यावे.

पतींच्या म्हणण्याकडे वळते. ‘प्रभूची मैत्री पुरेशी आहे’ हे त्यांनी तुम्हाला धीर देण्यासाठी म्हटले असेल, पण तुम्हाला ते दार बंद केल्यासारखे ऐकू आले. मिशनच्या शाळेत शिकलेली बाई म्हणून त्यांना एक आठवण करून द्यावीशी वाटते. बायबलमधला प्रेषित पौल तुरुंगातून आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, लिहितो त्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी काय आहे? देमास सोडून गेला, एकटा लूक जवळ आहे, तू लवकर ये, हिवाळ्याच्या आधी ये, आणि येताना त्रोवसला कार्पाकडे राहिलेला माझा झगा आण, पुस्तके आण, विशेषतः चर्मपत्रे. शाळेत हा उतारा ऐकताना मला हसू आले होते, की एवढ्या मोठ्या माणसाला झग्याची काय काळजी! आता वय झाल्यावर कळते की त्याला थंडी वाजत होती आणि माणूस हवा होता. त्याच्या श्रद्धेत काही कमी होते असे तुमचे पतीही म्हणणार नाहीत.

दुसरे उदाहरण अधिक दुखरे आहे. १८०५ साली मराठीचे व्याकरण छापणारे इंग्रज मिशनरी विल्यम केरी आपण अभिमानाने आठवतो. त्यांच्या पत्नी डॉरोथी यांना भारतात यायचे नव्हते. शेवटी बहीण सोबत येते म्हणून त्या १७९३ मध्ये निघाल्या. इथे आल्यावर ती बहीण लग्न करून वेगळी झाली, आणि १७९४ मध्ये पाच वर्षांचा मुलगा पीटर आजाराने गेला. त्यानंतर डॉरोथींचे मन कायमचे बिघडले आणि १८०७ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरला त्या वारल्या. मनाच्या आजाराला एकच कारण नसते, आणि तुमची अवस्था तशी आहे असे मी सुचवतही नाही. पण ज्या घरात एकाला काम आहे आणि दुसऱ्याला फक्त घर आहे, तिथे ‘पुरेसे आहे’ हे ज्याला काम आहे त्याने ठरवू नये. तुमच्या पतींना रोज वीस विद्यार्थी भेटतात. त्यांच्याशी एकदा भांडणाच्या सुरात न जाता, पण स्पष्ट बोला: मला उपदेश नको आहे, तुम्ही आठवड्यातून दोन संध्याकाळी मुलांना सांभाळा आणि मला बाहेर जाऊ द्या. झोप अनेक आठवडे लागत नसेल, रडू आवरत नसेल, तर समुपदेशकाशी बोला. ते आता भारतातूनही व्हिडिओवर होते.

सहकारी दर दोन वर्षांनी बदलतात याला माझ्याकडे उपाय नाही. निरोपांचा कंटाळा येतो आणि माणूस नव्या लोकांशी ओळखच करून घेईनासा होतो, हे तुमचे निरीक्षण खरे आहे. एवढेच म्हणेन की एकमेकांशी कामाशिवाय काही तरी जोडून घ्या. नागपुरात स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर हे दोन मिशनरी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात एकत्र होते. आज आपल्याला हिस्लॉप हे नाव कॉलेजामुळे ठाऊक आहे, पण हे दोघे फावल्या वेळात टाकळीच्या माळावर आणि आसपासच्या टेकड्यांवर दगड फोडत हिंडायचे, जीवाश्म शोधायचे, आणि त्यांचे नागपूरच्या भूगर्भावरचे लिखाण लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीने छापले. हंटर काही वर्षांनी मायदेशी परतले. हिस्लॉप १८६३ मध्ये टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना ओढ्याच्या पुरात बुडाले. दोघांचा सहवास थोड्याच वर्षांचा होता, पण तो नुसत्या सभांमध्ये गेला नाही. तुमची ती कोरियन सहकारी बागकाम करते असे लिहिले आहे. तिच्याबरोबर मेथी लावून पाहा. ती पुढच्या वर्षी जाईल. मेथी महिन्यात येते.

मुलांबद्दल तुम्ही फार लिहिले नाही, म्हणून मीही थोडक्यात सांगते. अकरा वर्षांच्या मुलाचे मित्र दर दोन वर्षांनी जात असतील तर ‘नवे मिळतील’ असे त्याला म्हणू नका. निरोप नीट घेऊ द्या, पत्ते लिहून घेऊ द्या, एक दिवस मुसमुसू द्या.

आता नागपूरची मैत्रीण. ती तुम्हाला स्वतःचे का सांगत नाही? कारण तुमची प्रार्थनापत्रे तिलाही जातात, आणि त्यांतली बाई कधी चिडत नाही, कधी कुणाचा हेवा करत नाही, कधी तिला सांबारवडीची आठवण येऊन रडू येत नाही. अशा बाईला कोणी सासूच्या कुरबुरी सांगेल का? तुम्ही तिच्यापुढे चढवलेला तो मुखवटा तुम्हालाच उतरवावा लागेल. तिला एक वेगळे पत्र लिहा, मंडळीशी संबंध नसलेले, त्यात शेजारणीचे पत्र्यांचे प्रकरण तुमच्या रागासकट लिहा. जिच्यावर तुमच्या मानधनाचा एक रुपयाही अवलंबून नाही, अशी किमान एक व्यक्ती प्रत्येक मिशनरीला हवी. नागपूरचे घड्याळ तुमच्यापुढे अडीच तास आहे. रात्री नऊला तिची भांडी आटोपतात तेव्हा तुमच्याकडे साडेसहा वाजलेले असतात. आठवड्यातला एक वार ठरवून त्या वेळी बोला आणि पहिली दहा मिनिटे तिच्या सासूला द्या.

मे महिन्यात रजेवर येणार आहात. दर रविवारी वेगळ्या मंडळीत साक्ष (म्हणजे श्रद्धेचे अनुभव सांगणे), फोटो दाखवणे, आहेराच्या साड्या, प्रत्येक घरी जेवण, हे सगळे त्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात होईल. पहिले पाच दिवस कुणालाही न कळवता मैत्रिणीकडे किंवा बहिणीकडे कूलरसमोर काढा. मंडळीला तुम्ही सहाव्या दिवशी आलात तरी चालते.

परत येण्याबद्दल म्हणाल तर, यायला काहीच हरकत नाही. सेवा सोडली म्हणून माणूस हरत नाही. पण शेजारणीवरच्या रागाने येऊ नका. वर्षभर वर सांगितलेले करून पाहा आणि मग पती-पत्नी मिळून ठरवा.

राहिला ताजा कलम. खजिनदारपद घेऊ नका. बायकांनी ते तुम्हाला विश्वासाने देऊ केले आहे, पण पैशांची वही पुन्हा परदेशी बाईच्या हाती जाईल आणि तुम्ही पुन्हा देणाऱ्यांच्या बाजूला जाऊन बसाल. नम्रपणे सांगा, मला नुसती सभासद करून घ्या. सगळ्यांइतकीच रक्कम भरा, उशीर झाला तर सगळ्यांइतकाच दंड भरा, बैठकीला खाली बसा. तुमची पाळी येऊन भिशी तुम्हाला लागेल तेव्हा ती रक्कम शिवणवर्गाला देऊ नका, मंडळीला देऊ नका, शेजारणीच्या पत्र्यांनाही नको. बाकीच्या बायका जे करतात तेच करा: स्वतःच्या घरासाठी एक मोठे पातेले घ्या, पुढच्या बैठकीला ते घेऊन जा, आणि कितीला घेतले, फसवले गेलात की नाही, हे त्यांना बोलू द्या.